सपाट भिंतीचं काय करायचं?



आजच्या विषयाची सूचना गेली तेव्हा दोघातिघांचे फोन आले. "सर, तुम्ही आयुष्यभर कांट शिकवलात, आता भिंतीला फळ्या ठोकण्यावर बोलणार? हे सुताराचं काम की प्राध्यापकाचं?" मी म्हटलं, दोघांचंही आहे, आणि त्यात एक गणितीसुद्धा आहे. तो कुठून आला ते ऐकायला या.

सुरुवात माझ्याच घरातून करतो. निवृत्तीनंतर मी मागची खोली गाणं ऐकण्यासाठी राखून ठेवली. दहा फूट बाय बारा फूट. दोन चांगले स्पीकर घेतले, चाळीस वर्षं जमवलेल्या रेकॉर्डी कपाटातून बाहेर काढल्या. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. तानपुरा असा वाजत होता की जणू पत्र्याच्या डब्यात भुंगा अडकलाय. टाळी वाजवली तर दोन भिंतींमधून टर्रर्र असा आवाज येई. दुकानदाराकडे गेलो. त्याने फोम दिला, तो पिरॅमिडसारखे उंचवटे असलेला. मी तीन भिंती मढवून टाकल्या. पैसे बरेच गेले.

मग रेकॉर्ड लावली. टर्रर्र गेलं. पण गायकसुद्धा गेला! म्हणजे आवाज येत होता, पण गोधड्यांनी भरलेल्या कपाटात बसून कोणी गावं तसा. आमच्या सौभाग्यवती चाळीस वर्षं प्रत्येक मैफिलीला माझ्या शेजारी बसलेल्या. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं, उठल्या, आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो, पण गाणं कुठे गेलं?" त्यानंतर त्या स्वयंपाकघरातूनच ऐकत. तिथून बरं ऐकू येतं म्हणत.

हा प्रश्न मला सोडेना. स्वच्छ आहे, पण गाणं कुठे गेलं? ज्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही त्याचा इतिहास बघायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. तेव्हा चला.

१८९५ साल. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिच्यातलं व्याख्यानगृह कुचकामी ठरलं होतं. वक्त्याने एक शब्द उच्चारला की तो सुमारे साडेपाच सेकंद खोलीत घुमत राही. तेवढ्या वेळात माणूस पंधरावीस शब्द बोलतो, म्हणजे सगळ्यांची खिचडी. कुलगुरू चार्ल्स एलियट यांनी हे काम भौतिकीच्या एका तरुण सहायक प्राध्यापकावर सोपवलं. वॉलेस सॅबिन त्याचं नाव. वय सत्तावीस. डॉक्टरेट नव्हती आणि त्याने ती पुढेही कधी केली नाही. मला हे सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

सॅबिनने काय केलं? जवळच सँडर्स थिएटर नावाचं सभागृह होतं, तिथला आवाज चांगला म्हणून प्रसिद्ध. त्याने तिथल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, फॉगमध्ये पसरायच्या, ऑर्गनची एक नळी फुंकायची, ती थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. कानानेच. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. हे सगळं मध्यरात्रीनंतर, कारण दिवसा रस्त्याचा गोंगाट. पहाटे गाद्या परत जागेवर. असं वर्षानुवर्षं. मध्येच त्याच्या ध्यानात आलं की स्वतःच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात, कोट बदलला की आकडा बदलतो. मग त्याने आधीची ढीगभर निरीक्षणं टाकून दिली आणि पुढे मोजणीला नेहमी तेच कपडे. कुठला कोट, कुठली विजार, हे शोधनिबंधात नोंदवलंय बरं का. शोषण मोजायला त्याने जे एकक घेतलं ते मला फार आवडतं: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे पूर्ण शोषण. अमुक इतक्या गाद्या म्हणजे अमुक इतकी उघडी खिडकी.

त्यातून सूत्र निघालं ते शाळेतल्या पोराला कळेल असं. खोलीचं घनफळ जितकं जास्त, तितका निनाद लांब. शोषण जितकं जास्त, तितका निनाद आखूड. मीटरमध्ये मोजलं तर घनफळाला शोषणाने भागायचं आणि ०.१६१ ने गुणायचं, उत्तर सेकंदांत. या सूत्राच्या जोरावर बोस्टनचं सिंफनी हॉल बांधलं गेलं आणि १५ ऑक्टोबर १९०० रोजी ते उघडलं. आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याची गणना होते. बांधण्याआधी कागदावर आवाजाचा हिशेब केलेलं हे पहिलं सभागृह.

आता इथे थोडं थांबू या. सॅबिनचं काम मोठं आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्या सूत्रात खोलीचा आकार नाही. भिंत सपाट आहे की नक्षीदार, छत उंच आहे की बसकं, आवाज समोरून येतो की बाजूने, यातलं काहीही त्यात नाही. एकच आकडा: किती वेळ. नंतरच्या पन्नास वर्षांत वास्तुशास्त्रज्ञांनी हा आकडाच आवाज समजायला सुरुवात केली. मोजता येतं म्हणून ते महत्त्वाचं, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच. या चुकीचा तत्त्वज्ञानात भरपूर इतिहास आहे, पण आज तिकडे जात नाही. मी माझ्या भिंतींना फोम लावला तेव्हा मीही तेच केलं. घुमतंय ना, मग शोषून टाक.

बोस्टनच्या त्या सभागृहात सॅबिनच्या सूत्राबाहेरचं बरंच काही होतं. लांबट, अरुंद, उंच, चपलांच्या खोक्यासारखा आकार. दोन्ही बाजूंना सज्जे. वरच्या भिंतींत कोनाडे, आणि कोनाड्यांत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या सोळा प्रतिकृती. छताला चौकटी. या सगळ्यावर आवाज आदळला की आरशासारखा सरळ परत येत नाही, शंभर दिशांना फुटतो. व्हिएन्नाचं मुझिकफेराइन तर त्याच्याही आधीचं, १८७० चं. सॅबिन तेव्हा दोन वर्षांचा होता. सोन्याचा मुलामा दिलेल्या स्त्रीमूर्ती ओळीने उभ्या, छतात खोलगट चौकोन, कोपऱ्याकोपऱ्यात कोरीवकाम. साधारण १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच. कोणी सूत्र मांडलं नव्हतं, आणि जगभरचे वादक आजही तिथे वाजवायला आसुसलेले असतात.

याच व्हिएन्नात १९१० च्या सुमारास आडोल्फ लोस नावाचा वास्तुविशारद अलंकरण आणि गुन्हा या विषयावर व्याख्यान देत होता. त्याचं म्हणणं, नक्षीकाम हे मागासलेपणाचं लक्षण, सुसंस्कृत माणसाची भिंत सपाट असावी. पुढच्या पिढीने ते मनावर घेतलं. काँक्रीट, काच, सपाट प्लास्टर. आपल्या सगळ्यांचे फ्लॅट त्याच विचाराची नातवंडं आहेत. गंमत अशी की याच लोसने १९१२ मध्ये ध्वनीच्या गूढावर एक लेखही लिहिला. व्हिएन्नातलं ब्योझेनडॉर्फर सभागृह पाडायचं घाटत होतं. लोस म्हणाला, पाडू नका, या भिंतींत इतक्या वर्षांचं उत्तम संगीत मुरलंय, लिस्टचं वादन त्या चुन्यात शिरलंय, नव्या भिंतीत ते कुठून आणाल? भौतिकीच्या दृष्टीने हे अर्थातच खरं नाही. पण देवळाच्या गाभाऱ्यात बसून आपल्यालाही असं कधी वाटलेलं असतं, तेव्हा हसू नये. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते सभागृह मुळात घोड्यांना शिकवण्याची जागा होती, नंतर बदलून घेतलेली. नक्षीवाचून चांगला आवाज होतच नाही असं म्हणणाऱ्याला ते उत्तर आहे.

मग जुन्या गवंड्यांना, मूर्तिकारांना हे सगळं ठाऊक होतं का? असं म्हणायचा मोह होतो. आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने करता येणं आणि माहीत असणं यांत फरक केला, तो इथे लावावासा वाटतो. पण मला वाटतं, इथे तोही लागू नाही. त्या मूर्ती दिसायला सुंदर म्हणून बसवल्या, ऐकायला नव्हे. ज्या सभागृहांचा आवाज वाईट होता ती पाडली गेली, जळाली, विसरली गेली. चांगली उरली. आपण उरलेल्यांकडे बघून म्हणतो, वा, काय ज्ञान होतं! बाजारात फक्त गोड आंबे बघून झाडाला चव कळते म्हणण्यासारखं आहे ते.

तर नक्षी गेली. काय गेलं ते कोणाला कळलं नाही, कारण काय होतं तेच कळलेलं नव्हतं. ते कळायला एक मोठं अपयश यावं लागलं.

न्यूयॉर्क, २३ सप्टेंबर १९६२. लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिक हॉल उघडलं, लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली. ध्वनीचे सल्लागार लिओ बेरानेक. हा माणूस उथळ नव्हता हो. त्याने जगभरची ५४ सभागृहं तपासली होती, संगीतकारांच्या मुलाखती घेतल्या होती, त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याला कळलं होतं की निनादकाल पुरेसा नाही, थेट आवाजानंतर पहिलं परावर्तन किती लवकर पोहोचतं तेही महत्त्वाचं. म्हणून त्याने रंगमंचाच्या आणि श्रोत्यांच्या वर फलक टांगले, ढगांसारखे. पण मधल्या काळात आसनं वाढवावीत म्हणून वर्तमानपत्रांतून दबाव आला, आराखडा बदलला, सभागृह फुगलं, बाजूच्या भिंतींची रचना पालटली. उघडल्यावर तक्रारींचा पाऊस. चेलो वाजवणारे दिसतात, पण ऐकू येत नाहीत! वादकांना एकमेकांचं वाजवणं ऐकू येईना.

तपासासाठी बेल प्रयोगशाळेतले लोक आले. त्यांत एक जर्मन होता, मानफ्रेड श्रोडर. त्यांना दिसलं की ढग लहान आहेत. खर्जातल्या सुराची तरंगलांबी काही मीटर असते, ती लाट लहान फळीला वळसा घालून निघून जाते, नदीचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी. परत येतो तो फक्त वरचा आवाज, आणि तोही डोक्यावरून. बाजूने काहीच नाही.

या सभागृहाची पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १९७३ मध्ये एव्हरी फिशर यांनी मोठी देणगी दिली आणि सभागृहाला त्यांचं नाव मिळालं. फिशर कोण? घरात गाणं ऐकण्याचे अँप्लिफायर आणि रेडिओ बनवणारे! म्हणजे दिवाणखान्यातल्या संगीताच्या पैशाने सभागृहाची डागडुजी. १९७६ मध्ये आतून सगळं उखडून नवं केलं, ते ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आणि वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी. याच जोडीने नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर केलं, ते १९८० मध्ये उघडलं. तिथे माइकशिवाय सतार ऐकलेले लोक इथे बसलेले असतील. न्यूयॉर्कचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही, २०२२ मध्ये ते पुन्हा नव्याने बांधून उघडलं. बेरानेक शंभरी ओलांडून २०१६ मध्ये गेले. आपल्या त्या अपयशाबद्दल ते शेवटपर्यंत मोकळेपणाने बोलत असत. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

श्रोडर १९६९ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला तो मी पदवीच्या वर्गाला पद्धतिशास्त्राचा नमुना म्हणून सांगत असे. प्रश्न असा: कुठलं सभागृह चांगलं, हे कसं ठरवायचं? व्हिएन्नात गेल्या महिन्यात ऐकलेलं आणि बर्लिनमध्ये आज ऐकलेलं यांची तुलना कशी करणार? वादक वेगळे, मनःस्थिती वेगळी, जेवण वेगळं. त्यांनी मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीचं असं ध्वनिमुद्रण घेतलं की ज्यात खोलीचा अंशही नाही, भिंतींवरून काहीही परत न येणाऱ्या कक्षात वाजवलेलं. ते युरोपातल्या वीसेक सभागृहांच्या रंगमंचावरून स्पीकरवर वाजवलं, आणि श्रोत्यांच्या जागी माणसाच्या डोक्याचा पुतळा ठेवला, त्याच्या दोन्ही कानांत मायक्रोफोन. मग ग्योटिंगेनच्या त्या निनादशून्य कक्षात माणसं बसवली आणि क्षणात व्हिएन्ना, क्षणात बर्लिन असं ऐकवलं. सभागृहाचं नाव सांगितलं नाही. फक्त विचारलं, यातलं कुठलं आवडलं?

उत्तर काय आलं? लोकांना ती सभागृहं आवडली जिथे डाव्या कानाला आणि उजव्या कानाला पोहोचणारा आवाज एकमेकांपासून वेगळा होता. अरुंद, उंच सभागृहांत बाजूच्या भिंतींवरून आवाज येतो, तो एका कानाला आधी, दुसऱ्याला नंतर. म्हणून आपण संगीताच्या आत बसलोय असं वाटतं. रुंद, बसक्या छताच्या आधुनिक सभागृहात पहिलं परावर्तन डोक्यावरून येतं, दोन्ही कानांना अगदी सारखं. ते सपाट वाटतं. वातानुकूलनामुळे हवेसाठी उंच छताची गरज उरली नाही, आणि तिकिटं जास्त खपावीत म्हणून सभागृहं रुंद झाली. झालं!

मी फोमच्या खोलीत नेमकं हेच केलं होतं. बाजूने येणारं सगळं मारून टाकलं होतं. त्यामागे एक तत्त्वज्ञानही होतं माझं, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. मी समजत होतो की रेकॉर्डमध्ये शुद्ध गाणं आहे आणि खोली म्हणजे मळ. मळ काढला की सत्य उरेल. देकार्तने असंच केलं, शंका घेता येईल ते सगळं बाजूला सारत गेला. त्याच्या हाती निदान 'मी' तरी लागला. माझ्या हाती फोम लागला. (हशा)

रुंद सभागृह आता अरुंद करता येत नाही, व्यवस्थापन परवडत नाही म्हणेल. मग श्रोडर म्हणाले, छतावरून येणारा आवाज निदान फोडून दोन्ही बाजूंना पाठवता येईल का? म्हणजे व्हिएन्नाच्या मूर्तींचं काम हिशेबाने करता येईल का? वेडावाकडा उंचसखलपणा कसाही केला तर काही सूर फुटतात, काही तसेच राहतात. हवा असा खडबडीतपणा की तो बऱ्याच सुरांना सर्व दिशांना सारखा वाटेल. १९७५ मध्ये त्यांनी एक पहिला तोडगा प्रसिद्ध केला, तो सुरांच्या थोड्याच पट्ट्यात चाले.

१९७७ मध्ये गणितज्ञ गाउसच्या जन्माला दोनशे वर्षं झाली. गाउस ग्योटिंगेनचाच. समारंभात आंद्रे वेइल या थोर गणितज्ञाचं व्याख्यान होतं, विषय गाउसच्या बेरजा आणि वर्गांच्या बाक्या. श्रोत्यांत श्रोडर बसले होते, आणि त्यांना व्याख्यान ऐकता ऐकता आपलं छत दिसलं. म्हणून म्हणतो, व्याख्यानांना येत जा.

गणित सोपं आहे, आत्ता करू. एक मूळ संख्या घ्या, सात. आता शून्यापासून सहापर्यंतचे वर्ग करा आणि सातने भागून बाकी लिहा. शून्याची शून्य. एकाची एक. दोनाचा वर्ग चार, बाकी चार. तीनाचा नऊ, बाकी दोन. चाराचा सोळा, बाकी दोन. पाचाचा पंचवीस, बाकी चार. सहाचा छत्तीस, बाकी एक. म्हणजे ०, १, ४, २, २, ४, १. पुढे सात घ्याल तर पुन्हा शून्य, आणि तीच माळ परत सुरू. आता सुताराला सांगा, सात उभे खळगे कर, त्यांची खोली या प्रमाणात. खोल खळग्यातून आवाज उशिरा परत येतो, उथळ खळग्यातून लवकर. या मागेपुढे होण्यामुळे लाटा एकमेकींशी अशा गुंततात की समोरची भिंत आरसा राहत नाही. गाउसने या बाक्यांपासून बनणाऱ्या एका बेरजेचं मूल्य काढलं होतं आणि तिचा आकार नेहमी त्या मूळ संख्येच्या वर्गमुळाएवढाच येतो. आवाजाच्या भाषेत त्याचा अर्थ, ज्या ज्या दिशांना तो फुटतो त्या सगळ्यांना सारखा वाटा. आणि हे एकाच सुराला नव्हे, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट सुरांनाही. सातपटीला मात्र गंमत होते. तिथे सगळ्या खळग्यांचा हिशेब पुरा जुळतो आणि फळी पुन्हा सपाट भिंतीसारखी वागते.

गाउसचं हे संख्यासिद्धांताचं पुस्तक १८०१ मधलं. रामानुजनला केंब्रिजला बोलावणाऱ्या हार्डीने १९४० मध्ये आपल्या छोट्या आत्मकथनात्मक पुस्तकात मोठ्या अभिमानाने लिहिलं की ही विद्या निरुपयोगी आहे आणि म्हणूनच निर्मळ. हार्डी १९४७ मध्ये गेला. मूळ संख्यांची फळी छताला लागलेली त्याने पाहिली नाही. आवडली असती का, सांगता येत नाही. क्रिकेटचं मैदान असतं तर गोष्ट वेगळी.

१९८३ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात मायकेल फाउलर सेंटर उघडलं. बाजूने येणाऱ्या आवाजाचं महत्त्व १९६० च्या दशकातच सांगणारे हॅरल्ड मार्शल तिथले ध्वनितज्ज्ञ. त्यांनी बाजूंच्या मोठ्या तिरक्या फलकांवर श्रोडरचे खळगे बसवले. सभागृहात ही कल्पना पहिल्यांदा तिथे उतरली.

आणि घरात कशी आली? वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पीटर डी'अँटोनियो नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. काम स्फटिक आणि क्ष-किरणांचं, छंद संगीत ध्वनिमुद्रणाचा. १९८० मध्ये फिजिक्स टुडे मासिकात श्रोडर यांचा लेख आला. डी'अँटोनियोंना त्यात आपलंच गणित दिसलं. अणूंच्या रांगांवरून क्ष-किरण फुटतात आणि खळग्यांच्या रांगेवरून आवाज फुटतो, दोन्हीला सूत्र एकच. १९८३ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आधी ध्वनिमुद्रण स्टुडिओंच्या मागच्या भिंतींना हे डिफ्यूझर लागले, मग हौशी लोकांच्या दिवाणखान्यांना.

आता घरच्या खोलीबद्दल, कारण तुमच्यापैकी काहीजण उद्या सुताराला फोन करतील. सभागृह वेगळं, बेडरूम वेगळी. ५०० हर्ट्झपासून काम करणारी फळी हवी असेल तर त्या सुराची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. तिचे चौदा भाग केले की एका अंकाला जवळजवळ ४.९ सेंटिमीटर. चारच्या खळग्याची खोली मग वीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे इंच-दीड इंच जाडीच्या शोभेच्या फळ्या विकतात, त्यांनी वरचे सूर तेवढे फुटतील, बाकी शोभा. खळग्याची रुंदी पाच सेंटिमीटर ठेवली तर सात खळगे मिळून पस्तीस सेंटिमीटर, आणि अशी एकच माळ लावून भागत नाही. दुसरं, फुटलेल्या लाटा एकमेकींत मिसळायला जागा लागते. डोकं फळीला टेकवून बसलात तर सात वेगवेगळे खळगेच ऐकू येतील. तिसरं, खर्ज. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. त्याला गाउस काही करू शकत नाही. त्याला कोपऱ्यात जाड भरीव शोषक लागतात, किंवा सोसावं लागतं. आणि पातळ फोम तर त्याला मुळीच दिसत नाही. तो फक्त वरचा आवाज पितो, म्हणून माझी खोली एकाच वेळी मुकी आणि घुमणारी झाली होती.

मी बहुतेक फोम काढला. स्पीकरच्या दोन्ही बाजूंना जिथे पहिलं परावर्तन होतं तिथे थोडा ठेवला. स्पीकर आणि खुर्ची फिरवून लांबीच्या दिशेने लावली, तरी मागच्या भिंतीला चार फुटांच्या वर अंतर मिळेना. सुताराकडून त्या सातच्या माळा करून घेतल्या, तीन शेजारी शेजारी. त्याने विचारलं, "सर, यात ठेवायचं काय?" मी म्हटलं, आवाज. त्याने पैसे आगाऊ मागितले.

पत्नीला बोलावलं. त्या बसल्या, डोळे मिटले, एक पूर्ण बाजू ऐकली, आणि म्हणाल्या, "तानपुरा आता मागे गेला, जिथे असतो तिथे." मग स्वतःच उठून त्यांनी रेकॉर्ड उलटली.

पण मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, मला चैन कुठे पडणार! सुधारलं ते फळ्यांमुळे, की फोम काढल्यामुळे, की नवऱ्याने पैसे घातलेत म्हणून? मी श्रोडरचा धडा लावला. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना तीन गोष्टी ऐकवल्या: उघडी भिंत, सुताराच्या फळ्या, आणि त्या जागी वेड्यावाकड्या पुढेमागे लावलेल्या पुस्तकांचं कपाट. दर वेळी खोलीबाहेर बसवून बदल केले, कंबर दुखली. उघडी भिंत त्यांनी दर वेळी ओळखली. एकदाही चुकल्या नाहीत. पण फळ्या कुठल्या आणि पुस्तकं कुठली, हे त्यांना सांगता आलं नाही. दहापैकी पाच वेळा बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मी स्वतः पट्टी बांधून बसलो, माझेही पाचच.

एका माणसाच्या एका खोलीतला हा प्रयोग, यावरून गाउस हरला असं कोणी म्हणू नये. मोठ्या खोलीत, पुरेशा अंतरावर, मोजमाप यंत्रावर फरक दिसतो. माझ्या दहा बाय बारात कपाट पुरलं. ग्रंथालयाला द्यायला म्हणून बांधून ठेवलेली पुस्तकं मी परत सोडली आणि मागच्या भिंतीला लावली, मुद्दाम उंच-बुटकी, पुढेमागे. आमच्याकडे येणारे अजून म्हणतात, जरा नीट लावा हो.

सुताराच्या फळ्या आता नातीच्या खोलीत आहेत. ती त्यांच्या खळग्यांत गाड्या आणि बाहुल्या ठेवते. पहिल्या खळग्यात काहीच राहत नाही अशी तिची तक्रार आहे. त्याची खोली शून्य आहे, हे तिला अजून समजावता आलेलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या. माइक जरा तिकडे द्या, मागच्या रांगेत ऐकू येत नाहीये.